टोन द्या

“हॅलो... हां, नाशिकहून बोलतोय. फॅक्स आहे. जरा टोन द्या.”

अण्णांच्या तोंडून हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की त्याची चालच मला पाठ झालीय. शेवटचं ‘टोन द्या’ थोडं वरच्या पट्टीत, कारण तोवर पलीकडचा माणूस रिसिव्हर ठेवायच्या बेतात असायचा. मग क्षणभर शांतता, आणि मग ती शिट्टी. अण्णा रिसिव्हर कानापासून वीतभर लांब धरायचे, हिरवं बटण दाबायचे, कागद सुस्त म्हशीसारखा आत सरकायला लागायचा आणि मीटरवरचे लाल आकडे पळायचे. गिऱ्हाईक कागदाकडे कधीच बघायचं नाही. मीटरकडे बघायचं.

शालिमारजवळच्या एका बोळात आमचा बूथ होता. पिवळ्या पत्र्यावर काळ्या अक्षरांत एसटीडी, आयएसडी, पीसीओ, आणि त्याखाली अण्णांनी पेंटरकडून वेगळे पैसे देऊन लिहून घेतलेलं ‘येथे फॅक्स पाठविले व स्वीकारले जातील’. द्राक्षांच्या हंगामात पिंपळगाव-ओझरकडची मंडळी कंटेनरचे कागद घेऊन यायची. एकाने रॉटरडॅमला चार पानं पाठवली आणि बिलाची चिठ्ठी बघून म्हणाला, “अण्णा, एवढ्यात मीच पेटीत बसून गेलो असतो की.”

बूथ बंद होऊन खूप वर्षं झाली. मोबाइलने तो खाल्ला. इंटरनेटवरून फोन करायला भारतात १ एप्रिल २००२ पासून परवानगी मिळाली तेव्हा अण्णा थोडे धास्तावले होते, पण त्याची वेळच आली नाही. मी त्याच धंद्याच्या पुढच्या गल्लीत शिरलो. सातपूर-अंबडच्या लहान कंपन्यांचे ईपीएबीएक्स, म्हणजे कंपनीच्या आतली छोटी एक्स्चेंज, इंटरनेटवर चालणारे आयपी फोन, त्यांचं वायरिंग, हे माझं काम. फॅक्स संपला असं सगळे म्हणतात. मला महिन्यातून एखादा तरी फोन फॅक्ससाठी येतोच.

गेल्या वर्षीचा असाच एक. अंबडमधली कंपनी, मशीनचे सुटे भाग बनवते, गिऱ्हाईक जपानी. जपानात अजून फॅक्सला मान आहे. प्रत्येक मालाबरोबर तपासणीचा रिपोर्ट सही-शिक्क्यासकट फॅक्सने जायलाच हवा, अशी त्यांची अट. इतकी वर्षं तांब्याच्या तारेवरून तो जात होता. मग कंपनीने तार सोडून फायबर घेतलं, त्यावर आवाज इंटरनेटवरून नेणारी एक डबी लावली, डबीला फोन जोडला. आवाज असा की शेजारच्या खोलीत माणूस बसलाय. फक्त सात पानांचा रिपोर्ट चौथ्या पानावर तुटायचा.

सेवा देणाऱ्या कंपनीला फोन केला. तिकडचा मुलगा अतिशय नम्र. “सर, व्हॉइस क्लिअर येतोय ना?”

येतोय.

“मग सर, लाइन ओके आहे.”

त्या मुलावर मला राग काढता येईना, कारण त्याच्या दृष्टीने तो बरोबर होता. टेलिफोनचं सगळं जाळं एकाच परीक्षकासाठी बांधलेलं आहे, माणसाच्या कानासाठी. कान पास म्हणाला की लाइन पास. आणि कानासारखा क्षमाशील परीक्षक दुसरा नाही. लग्नाच्या वरातीत, बँड वाजत असताना, मामा पलीकडून काय ओरडतोय ते आपल्याला निम्मं ऐकून पूर्ण कळतं.

फॅक्स हा मुळात या जाळ्यात सोंग घेऊन शिरलेला गडी. तारेवरून फक्त आवाज जाऊ शकतो ना, मग आम्ही आवाजच काढतो, असं त्याचं म्हणणं. फोन करणारं मशीन दर तीन सेकंदांनी अर्धा सेकंद ११०० हर्ट्‌झची पीक मारतं. घेणारं मशीन २१०० हर्ट्‌झची लांब शिट्टी देतं. अण्णा मागायचे तो ‘टोन’ हाच. त्यानंतरची जी गुळण्या केल्यासारखी खरखर येते ती दोघांची ओळखपाळख, सेकंदाला ३०० बिट अशा संथ चालीत : मी कोण, माझा कागद केवढा, मला किती वेग झेपतो. मग पाठवणारा दीड सेकंद नुसती शून्यं पाठवून बघतो. घेणाऱ्याला ती नीट मिळाली तर सौदा पक्का. नाही मिळाली तर पुन्हा कमी वेगाने. १४४०० ला जमत नाही? १२००० घ्या. नाही? ९६००. रविवार कारंजावर मेथीच्या जुडीसाठी जी घासाघीस चालते तीच ही, फक्त इथे विकणाराच भाव उतरवत जातो आणि घेणारा मान डोलवायचा थांबलेला असतो.

कागदाचंही ऐकण्यासारखं आहे. फॅक्स एक ओळ १७२८ ठिपक्यांत वाचतो. साध्या प्रतीत मिलिमीटरला ३.८५ ओळी, म्हणजे ए-फोर पानाचे जवळजवळ वीस लाख ठिपके. ९६०० च्या वेगाने ते एकेक करून पाठवायचे तर साडेतीन मिनिटं लागतील. पण पान बहुतेक कोरंच असतं. म्हणून ‘पांढरा, पांढरा, पांढरा’ असं १७२८ वेळा न म्हणता पूर्ण कोरी ओळ १७ बिटांत उरकतात. अण्णांना हे मी सांगितलं तेव्हा ते म्हणाले, “म्हणूनच लोकांना सांगायचो, मागे रेघांचा कागद वापरू नका.” त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. मीटरने शिकवलं होतं.

तर हा सोंगाड्या तांब्याच्या तारेवर सुखात होता. इंटरनेटवर आला आणि फसला.

इंटरनेटवरून आवाज कसा जातो? सेकंदाला ८००० वेळा मोजायचा, प्रत्येक मापाचे आठ बिट, आणि साधारण वीस मिलिसेकंदांचा एक तुकडा करून पाकिटात भरायचा. सेकंदाला पन्नास पाकिटं. पाकिटं वाटेत पुढे-मागे होतात, एखादं हरवतं. कानाला काही कळत नाही, कारण पलीकडची डबी हुशार असते. पाकीट आलं नाही तर ती आधीच्या पाकिटावरून अंदाजाने तेवढा आवाज स्वतःच भरून टाकते. बोलण्यात खंड पडला तर पाठवणंच थांबवते आणि तिकडे खोटी खसखस वाजवते, म्हणजे लाइन मेली असं वाटू नये. प्रतिध्वनी आला तर तो खाते. या सगळ्या थापा आहेत, आणि माणसासाठी त्या उत्तम आहेत. वीस मिलिसेकंदांत एक अक्षरसुद्धा पुरं होत नाही. पण ९६०० च्या वेगाने चाललेल्या फॅक्सचे तेवढ्यात १९२ बिट जातात, आणि त्याला ‘अंदाजाने’ भरलेला आवाज दिला की सगळा तोल जातो.

आणि आवाज दाबून पाठवत असतील तर बोलायलाच नको. जी.७२९ नावाची पद्धत आहे, ६४ किलोबिटांचं काम आठांत करते. ती आवाज तसाच्या तसा पाठवतच नाही; आवाज काढताना घसा आणि तोंड कसं हललं असेल, याचं वर्णन पाठवते आणि पलीकडे त्यावरून आवाज पुन्हा घडवते. फॅक्सला घसाच नाही. त्याच्या शिट्टीचं वर्णन ती माणसाच्या भाषेत करायला जाते आणि पलीकडे भलतंच काहीतरी बोंबलतं.

अंबडच्या डबीत मी पहिल्याच दिवशी हे सगळं तपासलं. दाबणं बंद, आवाज न दाबता पाठवणारी साधी जी.७११ ठेवली. खसखस बंद. फॅक्स मशीनची चूकदुरुस्ती बंद करून पाहिली. चालू केली तर मशीन तेच पान पुन्हा पुन्हा मागत बसायचं. पाकिटंही हरवत नव्हती. तरी चौथं पान तुटायचं ते तुटायचंच.

डिस्पॅचला एक ताई आहेत, वीस वर्षं तिथेच. मी डबीशी झटापट करत होतो तेव्हा त्या डबा खात शांतपणे म्हणाल्या, “अहो दादा, तीनच्या वर टाकायची नाहीत पानं. मी दोन-दोन करून पाठवते. जातात.”

“का जातात?”

“ते तुम्ही सांगायचं.”

अण्णांचं जुनं मशीन माझ्या दुकानात आहे, आणि दुकानात तांब्याची लाइन मी हट्टाने ठेवलीय. तिकडे टेस्ट करायचं ठरवलं. अण्णांना खुर्चीत बसवलं, हातात टेस्ट फोन दिला. मॉनिटरला टाकला की तो लाइनीवर भार न घालता नुसता ऐकतो. मी अंबडहून सात पानं लावली आणि मोबाइलवर अण्णांशी बोलत राहिलो.

“येतंय?”

“येतंय. किरकिरतंय छान.”

“आता?”

“तसंच.”

“आता?”

“तसंच आहे रे. अगदी पहिल्यासारखं... अरे, थांबलं. मशीनने कागद कापला.”

पुन्हा केलं. पुन्हा. पाच वेळा केलं आणि मोबाइलच्या घड्याळावर वेळ धरली. डेटा सुरू झाल्यापासून तीन मिनिटं वीस सेकंद, अठरा सेकंद, बावीस, वीस, एकवीस. अण्णांच्या कानाला पाचही वेळा काहीच कळलं नाही. पण मला कळलं, कारण नेटवर्कचा घोळ असा वेळ पाळून येत नाही. वेळ पाळून येतो तो घड्याळाचा घोळ.

जुन्या टेलिफोन एक्स्चेंजांची घड्याळं एकमेकांशी बांधलेली असायची, इतकी घट्ट की दोन स्वतंत्र राष्ट्रीय जाळ्यांमध्येसुद्धा सत्तर दिवसांत एखादं माप इकडचं तिकडे व्हावं. या डबीत मात्र तिचा तिचा एक स्वस्त स्फटिक टिकटिकतो, आणि पलीकडच्या यंत्रात त्याचा त्याचा. दोघांत दहा हजारात एकाचा फरक. दिवसाला साडेआठ सेकंद. एवढ्यासाठी मनगटी घड्याळ कुणी परत करायलाही जाणार नाही. पण दोनशे सेकंदांत हा फरक वीस मिलिसेकंद होतो, म्हणजे बरोबर एक पाकीट. पलीकडे आलेली पाकिटं वाजवण्याआधी थोडी साठवून ठेवतात; ती साठवण तेवढी रिकामी होते किंवा तुंबते, एक पाकीट गिळलं जातं किंवा बनावट भरलं जातं. कान म्हणतो ‘तसंच आहे रे’. मशीन म्हणतं, संपलं.

दोनशे सेकंद म्हणजे तीन मिनिटं वीस सेकंद. मिनिटाला एक पान. चौथ्या पानावर. ताईंनी कागद-पेन न घेता हे गणित सोडवून ठेवलं होतं.

गंमत म्हणजे हे दुखणं फॅक्सच्या जन्मापासूनचं आहे. अलेक्झांडर बेन या स्कॉटिश माणसाने १८४३ साली तारेवरून चित्र पाठवायच्या यंत्राचं पेटंट घेतलं, टेलिफोनच्या कितीतरी आधी. हा बेन धंद्याने घड्याळजी. त्याच्या यंत्रात दोन्ही टोकांना लंबक होते आणि सगळी मदार कशावर, तर दोन्ही लंबक एका ठेक्यात झुलण्यावर. पावणेदोनशे वर्षांनी अंबडमध्ये मी त्याच ठेक्याशी भांडत होतो.

यावर एक जुना आणि शहाणा उपाय आहे, आणि तो समजावताना मला नेहमी अण्णांचा बूथच आठवतो.

तेव्हा बोळात सगळ्यांकडे फोन नव्हते. निम्म्या बोळाच्या व्हिजिटिंग कार्डावर, लग्नपत्रिकेवर आमचा नंबर ‘पीपी’ लिहून असायचा. फोन यायचा, “जरा वरच्या मजल्यावरच्या वहिनींना बोलवा.” मी धावत जायचो. हा झाला पहिला प्रकार : माणूस आणून आवाज जोडून द्यायचा. पण माणूस सापडला नाही की दुसरा प्रकार. अण्णा विचारायचे, “निरोप सांगा.” ते ऐकायचे, लिहून घ्यायचे आणि मग वहिनींना जाऊन सांगायचे. सांगताना ते फोनवरच्या माणसाच्या आवाजाची नक्कल करत नसत. त्याचा खोकला, मागचा ट्रकचा हॉर्न, ‘हॅलो हॅलो’ सगळं गाळून, “तुमचे बंधू सोमवारी सकाळच्या गाडीने येताहेत.” एवढंच.

टी.३८ नावाचा तो उपाय म्हणजे हा दुसरा प्रकार. जिनिव्हाच्या आयटीयूने, म्हणजे दूरसंचाराचे नियम ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेने, १९९८ साली हा नियम ठरवला. शिट्टीचा आवाज इंटरनेटवरून न्यायचाच नाही. फॅक्सजवळच्या डबीने तो तिथल्या तिथे ऐकून, उकलून, आतले बिट काढून घ्यायचे, तेवढेच पाकिटात घालायचे. पलीकडच्या डबीने ते वाचून तिथे नव्याने शिट्टी वाजवायची. दोन्ही मशीनना वाटतं आपण एकमेकांशीच बोलतोय. घड्याळं जुळोत न जुळोत. निरोपाला ठेका नसतो.

त्यातले बारकावे तर थेट अण्णाच. टी.३८ मध्ये प्रत्येक पाकिटात आधीच्या पाकिटातला मजकूर पुन्हा घालून पाठवता येतो, एखादं हरवलं तरी चालावं म्हणून. अण्णा निरोप सांगताना मागचं वाक्य पुन्हा म्हणूनच पुढचं म्हणायचे. आणि दुसरी गोष्ट. फॅक्स मशीन फार उतावीळ; विचारल्यावर तीन सेकंदांत उत्तर आलं नाही तर पुन्हा विचारतं, तिसऱ्यांदाही काही आलं नाही तर फोन ठेवतं. इंटरनेटवर उत्तराला उशीर होतो. मग जवळची डबी मशीनला निरर्थक खुणा पाठवत खेळवत ठेवते. आमच्याकडे बाहेरगावचा फोन धरून कुणी खोळंबला की अण्णा रिसिव्हरमध्ये म्हणायचे, “आल्याच, जिन्यात आहेत.” वहिनी तेव्हा मेनरोडला गेलेल्या असायच्या.

अशा डबीला गेटवे म्हणतात. मी गिऱ्हाइकांना सांगताना ‘दुतोंड्या मारुती’ म्हणतो. गोदापात्रात उभा आहे ना, एक तोंड इकडे, एक तोंड तिकडे. पावसाळ्यात त्याच्या कमरेला पाणी लागलं की छातीला, यावरून सगळं नाशिक पुराचं माप सांगतं. डबीचंही एक तोंड तारेकडे, शिट्टी ओळखणारं; दुसरं इंटरनेटकडे, पाकिटं ओळखणारं. सातपूरच्या एका मालकांनी हे इतकं मनावर घेतलं की त्यांच्या रॅकवर त्या नावाची चिठ्ठी आहे.

कॉम्प्युटरचे बिट आवाज करून तारेवरून नेणाऱ्या मॉडेमचं मात्र असं भलं झालं नाही. फॅक्सच्या गप्पा ठरलेल्या, म्हणून त्या मधल्या माणसाला कळतात. मॉडेममधून काय जाईल याचा नेम नाही. त्यांच्यासाठीही व्ही.१५०.१ नावाचा नियम २००३ मध्ये झाला, पण माझ्या कामात तो चालू असलेली एकही जागा मला भेटलेली नाही. ५६ के मॉडेमची तर सगळी करामतच या गृहीतावर उभी होती की सर्व्हरपासून आपल्या एक्स्चेंजपर्यंत सगळं डिजिटल आहे आणि शेवटी एकदाच आवाज होतो. मध्ये आणखी एक रूपांतर घुसवलं की तो वेग गेलाच. एका पतसंस्थेत जुन्या ईपीएबीएक्सला बाहेरून सेटिंग करायला मॉडेम होता. मी त्याचा वेग २४०० वर आणला, साठवण मोठी आणि स्थिर केली, आणि हात जोडले. अजून चालतो. लोक मला हुशार समजतात.

अंबडला टी.३८ चालू करून घ्यायला सेवा देणाऱ्या कंपनीशी दीड महिना पत्रव्यवहार झाला. प्रत्येक वेळी नवा माणूस, प्रत्येक वेळी “व्हॉइस क्लिअर आहे ना सर?” शेवटी कुणीतरी वरच्या माणसाने एक खूण बदलली. दोन मिनिटांचं काम. त्या दुपारी अण्णा पुन्हा दुकानातल्या खुर्चीत बसले, मी सात पानं लावली, सातही गेली. मग चौदा लावली. अण्णांनी कागदाची ती लांब पट्टी दुमडली आणि सवयीने म्हणाले, “याची झेरॉक्स काढून ठेव. उडतं हे.” खरंच उडतं. बूथच्या पहिल्या दिवशी आलेला पहिला फॅक्स त्यांनी फाइलला लावून ठेवलाय. आज तो पूर्ण कोरा आहे. सतरा सतरा बिटांत जाईल.

परवा काही कामाने त्या कंपनीत गेलो. ताई मशीनपाशी उभ्या होत्या, हातात रिपोर्ट. दोन पानं घातली, गेली. पुन्हा नंबर फिरवला, पुन्हा दोन.

“ताई, आता एकदम सात जातात. मी स्वतः करून पाहिलंय.”

“माहितीये,” त्या म्हणाल्या आणि पुढची दोन पानं टेबलावर आपटून सारखी केली.